सरळ रेषा

“म्हातारा दारू पिऊन काठ्या रोवतो की काय!” कॅमेऱ्यातून डोळा न काढता उस्ताद म्हणाले. “एकही ओळीत नाही.”

अकरा काठ्या होत्या. बेटाच्या किनाऱ्यापासून समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत, चिखलामधून, नागमोडी गेलेल्या. ओहोटीला त्यांच्या कडेने पट्ट्यावर जायचं आणि पाणी फिरायच्या आत तसंच परतायचं, ही तिथली रीत. किनाऱ्यावरचे आजोबा दर हिवाळ्यात त्या स्वतः रोवत. उस्ताद आणि त्यांची बायको पहाटे त्याच वाटेने पट्ट्यावर आले होते. थंडी अशी की बोटं आपलीच आहेत का हे बघून खात्री करावी लागत होती.

फोटोग्राफीच्या वर्तुळात त्यांना उस्ताद म्हणत. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची शास्त्रीय नावं त्यांना तोंडपाठ होती. घरात चाळीस हजार फोटो होते. त्यांत बायकोचा एक होता, नवी लेन्स तपासायला काढलेला. लेन्स चांगली निघाली.

वार्षिक स्पर्धेत मात्र उस्तादांचा तीन वर्षं दुसरा नंबर येत होता. मागच्या वर्षी परीक्षकांनी शेरा मारला होता : दृश्यात माणूस नाही. म्हणून यंदा माणूस घ्यायचं ठरलं. बायको बरोबर होतीच.

उस्ताद उठले. मधल्या सात काठ्या त्यांनी एकेक करून उपटल्या आणि घट्ट वाळूवर उभं राहून, हात लांब करून, सरळ रेषेत पुन्हा रोवल्या. कुठे वीतभर डावीकडे, कुठे पुरुषभर उजवीकडे. लोण्यात सुरी जावी तशा काठ्या आत गेल्या. उस्तादांना बरंच वाटलं. कुठली काठी मुळात कुठे होती, हे लक्षात ठेवायचं आता कारण उरलं नव्हतं.

“अहो, आजोबांनी त्या उगाच वाकड्या लावल्या नव्हत्या,” बायको म्हणाली. “घट्ट वाळू तशीच वाकडी जाते. बाकी सगळा गाळ आहे. मागच्या वर्षी एक म्हैस गेली म्हणाले.”

“गाळ फोटोत दिसत नाही.”

“मला जायचंय ना पण तिथून!”

“अगं, तुझं वजन ते काय! आता वेळ घालवू नकोस, ऊन चढतंय. काठ्या धरून किनाऱ्यापर्यंत चालत जा. पाठीवरची बॅग राहू दे, प्रवासी वाटशील. आणि इकडे बघू नकोस. समुद्राकडे बघ.”

बॅगेत दुसरा कॅमेरा होता. सव्वीस हिवाळे तो तिच्या पाठीवर होता. हात लावायची मुभा तिला फक्त पुसण्यापुरती होती.

ती निघाली. तीन काठ्या गेल्यावर थांबली. समोर चिखलात पक्षी चरत होते. आदल्या संध्याकाळी उस्ताद खोलीत फोटो निवडत असताना ती आजोबांकडे चहा पीत बसली होती. ते म्हणाले होते, “काठ्या वाहून गेल्या तर पाखरं बघायची, पोरी. लांब चोचीचं पाखरू जिथे डोळ्यांपर्यंत चोच खुपसतं, तिथे माणूस छातीपर्यंत जातो. बारकी पाखरं जिथे तुरुतुरु पळतात, तिथे बिनघोर चाल.”

उस्तादांची चौथी काठी जिथे होती, तिथे एक लांबचोच्या निवांत जेवत होता. ती बारक्यांच्या मागे वळली.

“काठ्या धर!” उस्ताद ओरडले. “अगं फ्रेमच्या बाहेर चाललीस! बाहेर! डोकं आहे का ठिकाणावर?”

सव्वीस वर्षांत तिने एवढं एकच ऐकलं नाही. बारक्यांच्या मागोमाग, कधी डावीकडे कधी उजवीकडे, ती किनाऱ्याला लागली. ती शेवटची काठी ओलांडत असतानाच उस्तादांनी अशी काही शिवी हासडली, की पट्ट्यापासून किनाऱ्यापर्यंतचे सगळे पक्षी एकदम उडाले. लांब चोचीचे, बारके, सगळे. ते बेटाच्या पलीकडे गेले आणि परत आले नाहीत.

उस्ताद चिडून नुसत्या लाटांचे फोटो काढत बसले. पाणी कधी फिरलं ते त्यांना बूट ओले झाल्यावर कळलं.

चिखलावर पाण्याचा पातळ थर चढला होता. तिची पावलं बुजली होती. सगळीकडे सारखाच चकचकीत आरसा, आणि त्यातून किनाऱ्याकडे गेलेली काठ्यांची देखणी सरळ रेषा. त्या रेषेकडे बघून उस्तादांना पहिल्यांदाच कसंतरी झालं.

“अगं!” त्यांनी हाक मारली. आवाज एकदम घरगुती झाला होता. “तू कुठून गेलीस गं? मी कुठून येऊ?”

किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं. आजोबा मासळी घेऊन बाजाराला गेले होते. तिला सगळी वळणं आठवत होती. नुसता हात करून दाखवलं असतं तरी पुरलं असतं. तिचा हात वर झालाही. उस्तादांचा जीव भांड्यात पडला.

हात बॅगेच्या पट्ट्याकडे गेला. तिने बॅग उतरवली, दुसरा कॅमेरा काढला, झाकण खिशात ठेवलं आणि डोळा लावला. उजेड सुरेख होता. रेषा सरळ होती. माणूस बरोबर हवा तिथे उभा होता.

“काठ्या धरून या!” ती ओरडली. “आणि इकडे बघू नका. समुद्राकडे बघा.”