आईची पाठ

चार वर्षांनी माझा भाऊ आला, तो वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊनच. "आईला जावयाच्या दारात ठेवलंस. गावात मला तोंड दाखवायला जागा नाही." आईचं कमरेखालचं अंग गेलं, तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नव्हती. आज त्याला तिची सही हवी होती.

तेवढ्यात आरोग्य केंद्रातल्या सिस्टर तपासणीला आल्या. "चार वर्षं पडून आहे ती," भाऊ त्यांना म्हणाला. "पाठ सडली असणार. बघाच तुम्ही, कसं ठेवलंय."

माझ्या नवऱ्यानं हाताचं पीठ धुतलं आणि आईला अलगद कुशीवर वळवलं. सिस्टरनी पाठ पाहिली, माकडहाड पाहिलं, टाचा पाहिल्या. कुठं साधा लाल डागही नव्हता.

"दर दोन तासांनी वळवता?"

"पिठाची गिरणी घराला लागूनच आहे," हे म्हणाले. "वेळ झाली की पट्टा थांबवतो. गिऱ्हाईक शिव्या घालतं. घालू दे."

"रोज इतकी घरं फिरते मी. दवाखान्यातसुद्धा अशी पाठ बघायला मिळत नाही."

माझी मान आपोआप ताठ झाली. भावाला मात्र ते सोसलं नाही. "आई, जावयाकडून हे सगळं करून घेताना तुला लाज नाही वाटत?"

"पहिल्या दिवशी वाटली होती," आई म्हणाली. "आता मला लुगडं बदलायचंय. तू बाहेर जा. जावईबापू, तुम्ही थांबा."