चौतीस वर्षांचा घोट

गिळायची की थुंकायची, एवढाच प्रश्न होता. तळाशी गाळ बसावा म्हणून बाटली दोन दिवस जेवणाच्या टेबलावर उभी होती. दुपारी चार वाजता मास्तरांनी तिचं बूच काढलं, आणि तेव्हापासून ते तिच्यासमोर हाताची घडी घालून बसले होते.

वाइनच्या कारखान्यात त्यांना सगळे थुंके मास्तर म्हणायचे. काम चव घेण्याचं. तळघरातल्या चाळीस पिंपांतला एकेक घोट रोज सकाळी तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. गिळत बसलं तर अकराव्या पिंपाशीच माणूस आडवा व्हायचा. तरी बाकीचे चाखणारे शेवटचा, सगळ्यात चांगला घोट गुपचूप पोटात घालायचे. मास्तर तोही थुंकायचे.

कारण त्यांनी शब्द दिला होता. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं होतं, "वाइनच्या तळघरात राबणाऱ्याला मी मुलगी देत नसतो." त्यावर चोवीस वर्षांचे मास्तर म्हणाले होते, "जिभेवर घेईन. घशाखाली एक थेंब उतरवणार नाही." लग्न झालं. सासरे निर्धास्त झाले. बायको मात्र झाली नाही, असं मास्तरांचं मत होतं. रोज संध्याकाळी ते आले की ती दारात वाट अडवून उभी राहायची, त्यांच्या शर्टाला नाक लावायची, लांब श्वास घ्यायची आणि मग म्हणायची, "या आत." आधी हातपाय धुऊन येतो म्हटलं तरी चालायचं नाही. एकदा महिनाभर त्यांना लेबलं चिकटवायच्या विभागात बसवलं, शर्टाला नुसता डिंकाचा वास यायचा, तेव्हा तर तिने डोकं खाल्लं. तळघरात परत कधी घेणार, तळघरात परत कधी घेणार. नवऱ्यावर नाही तर नाही, निदान डिंकावर तरी हिने विश्वास ठेवावा, असं मास्तरांच्या मनात आलं होतं. शब्द पाळणाऱ्या माणसाला तपासणीची लाज कसली, म्हणून त्यांनी चौतीस वर्षं मुकाट्याने छाती पुढे केली. पण वाईट वाटायचं.

आणि आता ही बाटली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका साली द्राक्षं निम्मीच आली, पण आली ती अशी, की त्या सालच्या पिंपातला पहिला घोट तोंडात घेतल्यावर मास्तर घोळवायचंच विसरले. थुंकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चवीच्या वहीत ते एरवी पानभर लिहायचे. त्या दिवशी एकच ओळ लिहिली: 'आयुष्यात एकदा तरी प्यावी.' मालकाने ती ओळ वाचली होती. परवा मास्तर निवृत्त झाले, तेव्हा त्याने घड्याळबिड्याळ न देता त्या सालची बाटली त्यांच्या हातात ठेवली.

"उघडलीत ना?" खिडकीशी शिवणयंत्रावर बसलेली बायको म्हणाली. "मग बघत काय बसलात? ती काय आपण होऊन तोंडात उडी मारणार आहे?"

"तुझ्या वडिलांना शब्द दिलाय."

"अण्णांना जाऊन बारा वर्षं झाली. आणि शब्द नोकरीपुरता होता. नोकरी संपली." तिने यंत्र थांबवलं आणि चहाचे तीन कप आणले, कारण वाइनचे पेले या घरात कधी शिरलेच नव्हते. तिसरा कप निवृत्तीसाठी माहेरी आलेल्या मुलीचा.

मास्तरांनी कप हलकेच फिरवला. घोट घेतला. डोळे मिटले. तीच होती ती, उलट आता जास्त शहाणी झालेली. त्यांनी ती जिभेवर घोळवली, गालांत फिरवली, मग शांतपणे उठले, बेसिनपाशी गेले आणि थुंकले.

"बाबा!" मुलगी म्हणाली आणि हसत सुटली.

"सवय," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"जित्याची खोड," बायको म्हणाली. "बसा. पुन्हा घ्या."

या वेळी त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी धरून ठेवली. पण घसा काही केल्या उघडेना. चौतीस वर्षं बंद ठेवलेली वाट ती, एका दुपारी थोडीच मोकळी होणार. गाल फुगवून ते बसून राहिले. आपल्या नशिबी ही वाइन चाखण्यापुरतीच, हे त्यांना कळून चुकलं. बेसिन दोनच पावलांवर होतं. ते उठायला लागले.

तेवढ्यात बायकोने आपला कप उचलला. प्यायली नाही. नाकाशी नेला, डोळे मिटून लांब श्वास घेतला, आणि तशीच हसली.

"हाच तो," ती म्हणाली. "तुमच्या शर्टाचा वास. संध्याकाळ कधी होते आणि तुम्ही दारात कधी येता, असं व्हायचं मला. आता कशाचा वास घेऊ, म्हणून परवापासून नुसता जीव खालीवर होतोय."

"म्हणजे तू बाबांना तपासत नव्हतीस?" मुलीने विचारलं.

"तपासायचं काय त्यात? अख्खा कारखाना यांना थुंके मास्तर म्हणतो."

मास्तर अर्धवट उठलेले तसेच थांबले. त्यांना बायकोला खूप काही सांगायचं होतं, चौतीस वर्षांचं, आणि तेही आत्ताच. तोंड भरलेलं होतं. त्यांनी घोट गिळला.