शेजारची खाट

वॉर्डात नव्या ट्यूटर इंगळे मॅडम शिकवत होत्या त्या खाटेभोवती नर्सिंगच्या एकवीस विद्यार्थिनी होत्या आणि वीस वर्षं शिकवणाऱ्या कुंदाताईंच्या पेशंटच्या खाटेभोवती तीन. त्यांतलीही एक मान वळवून तिकडेच बघत होती.

दोन्ही पेशंटचं आतड्याचं ऑपरेशन कालच झालं होतं. "च्युइंगम चघळल्यानं आतडी लवकर जागी होतात, हे चाचण्यांत दिसलंय," इंगळे मॅडम सांगत होत्या. "वारा सरला की समजायचं, आतडी चालू झाली."

"मग उद्या तंबाखूही मळून द्या!" कुंदाताई फणकारल्या. कुणी हसलं नाही.

"सिस्टर, मलाबी द्या की ते," त्यांच्याच खाटेवरच्या आजी म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत कुंदाताईंनी पडदा ओढला आणि पर्समधून च्युइंगम काढलं. "चघळा, पण गिळू नका. आणि कुणाला सांगू नका."

संध्याकाळी आजींचा वारा सरला, शेजारणीच्या चाळीस मिनिटं आधी.