एक मेंढरू कमी

रैनिव्हेलो म्हातारा पहिल्या बाकावर बसला होता, आणि आज त्याच्यापाशी एकही सबब उरली नव्हती.

डोकं धुतलेलं, अंगावर सुनेने राखून ठेवलेली पांढरी शाल. समोर ओस्मुंड पाद्री बाप्तिस्म्याचं भांडं आनंदाने पुन्हा पुन्हा पुसत होते. राजधानीहून आलेले थोरले पाद्री खुर्ची भरून बसले होते. मादागास्करच्या त्या डोंगरी गावात बाप्तिस्मा न घेतलेला हा एवढा एकच इसम, तो आज वाकणार म्हणून गंमत बघायला शेजारगावचीही माणसं लोटली होती.

आजवर तो सफाईने निसटला होता. एका ईस्टरला त्याच्या पोटात कळ आली. एकदा म्हणाला, पूर्वजांना विचारून सांगतो, आणि पूर्वज काही लवकर उत्तर देईनात. गेल्या वर्षी तर पाद्रींचा ओला हात कपाळाशी आला, तेव्हा त्याला आठवलं की कधीकाळी वारलेल्या आत्याची हाडं तिकडच्या रीतीप्रमाणे नव्या कापडात गुंडाळायची आहेत, ती आत्ताच. मोसम भलताच होता, पण आत्याला कोण विचारणार?

बरं, श्रद्धा नव्हती म्हणावं तर तसंही नाही. गीतं सगळी तोंडपाठ. प्रवचनात पेंगणाऱ्याला कोपराने ढोसणारा हाच.

घोळ केला तो पाद्रींच्याच प्रवचनाने. शंभरातलं एक मेंढरू हरवलं तर खरा मेंढपाळ त्या एकासाठी जिवाचं रान करतो, असं त्यांनी सांगितलं. एवढ्यावर थांबायचं, तर भरात येऊन शपथ घेतली: या गावातलं शेवटचं मेंढरू सापडेस्तोवर मी पुढच्या मुक्कामाला जाणार नाही. पुढचा मुक्काम म्हणजे समुद्रकाठचं मोठं गाव. इथलं काम पुरं झालं की बिऱ्हाड तिकडे हलायचं, असं वरून ठरलेलंच होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. रैनिव्हेलो घरी गेला आणि त्याने हरवायचं ठरवलं.

त्या बिऱ्हाडावाचून त्याला करमणार नव्हतं, सरळ गोष्ट आहे. संध्याकाळी पाद्री त्याच्या ओट्यावर खड्यांचा डाव मांडत आणि न चुकता हरत. असा शेजार पुन्हा मिळतो होय? त्यांची पोरगी एलिन याच गावात जन्मली. रैनिव्हेलोच्या बायकोने, ती आता नाही, पोरीची नाळ कापली आणि त्याने स्वतः अंगणात पुरली. नाळ एकीकडे नि पोर दुसरीकडे, हे त्याच्या मनाला पटतच नव्हतं. नॉर्वेच्या आईबापांची ही लेक बैलांना अशा अस्सल शिव्या घाली की म्हाताऱ्याचा ऊर भरून येई.

धास्ती होती ती पाद्रींच्या बायकोची, गुद्रुनबाईंची. समुद्रकाठी डॉक्टर होता, बाजार होता, बाईंच्या भाषेत बोलणारी माणसं होती. त्यांनी पेटी कधीच बांधून ठेवली होती. म्हाताऱ्याला वळवायला त्या दर आठवड्याला गोड घावन करून घालत. म्हातारा खाई, बोटं चाटी, आणि हरवलेलाच राही.

मग गेल्या आठवड्यात पाद्रींनी चक्क डाव जिंकला आणि तरी हसले नाहीत. म्हणाले, मीच कुठेतरी कमी पडलो. ते काही रैनिव्हेलोला बघवेना. त्याने शब्द देऊन टाकला.

काल बाई घावन घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी एकदाचं विचारलं, "आजोबा, खरं सांगा. इतकी वर्षं का टाळलंत?"

काल त्याला खोटं सुचेना. "मी सापडलो की तुम्ही निघालात, पोरी."

बाईंनी ताटली खाली ठेवली. "आणि बाप्तिस्म्यावाचून असेच अवचित गेला असतात म्हणजे?"

"म्हणून तर पाद्री शेजारी ठेवला होता."

बाई हसल्या नाहीत. ताटली उचलून घरी गेल्या, आणि पलीकडून पेटी सरकवल्याचा आवाज आला. झालं, निघाले, असं म्हाताऱ्याने मनाशी म्हटलं. आज सकाळी त्याने बैल कोंडले आणि गोठ्याचं आडणं स्वतःच्या हाताने घट्ट सरकवलं. उगाच मोह नको.

पाद्रींनी पाण्यात बोटं बुडवली. रैनिव्हेलोने मान वाकवली, डोळे मिटले. तेवढ्यात बाहेरून एलिनची शिवी ऐकू आली. बैलांना घालायची, तीच.

सगळे बैल बाईंच्या कोबीत शिरले होते. चर्च रिकामं झालं. थोरले पाद्री मदतीला धावले आणि चिखलात बसले. शेवटचा बैल हाती लागला तेव्हा दिवस मावळला होता. थोरल्या पाद्रींनी दाढीतला चिखल काढत सांगितलं, आता पुढच्या ईस्टरला.

"आडणं काढलं कुणी?" ओस्मुंड पाद्रींनी रडवेल्या आवाजात विचारलं.

रैनिव्हेलो गळ्याशपथ सांगत होता की मी नाही. कोण विश्वास ठेवतो? एरवी खोटं पचायचं आणि आज खरं पचेना. हताश होऊन त्याने इकडेतिकडे पाहिलं. चर्चच्या दारात गुद्रुनबाई उभ्या होत्या. बैलांमागे त्या एकदाही धावल्या नव्हत्या, तुडवलेल्या कोबीकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. त्या घाईघाईने हातमोजे काढत होत्या, आणि पांढऱ्या हातमोज्यांना शेण लागलं होतं.

"मीच विसरलो असेन, पाद्री," रैनिव्हेलो म्हणाला. "वय झालं."

आणि मनात त्याने मोजलं, हरवलेली मेंढरं आता दोन झाली.