एकच वेणी

मोबाईलच्या पडद्यावर अंबिका दिसली आणि वैजयंतीताईंनी चष्मा लावून नीट निरखून पाहिलं. पोरीने एकच वेणी घातली होती.

अनाथाश्रमातून नव्या घरी गेलेल्या मुलांची विचारपूस करायची, काही खुपलं तर त्यांच्या वतीने बालकल्याण समितीशी भांडायचं, हे बिनपगारी काम ताईंनी हौसेने अंगावर घेतलेलं. अंबिकाला घरी नेणाऱ्या काका-काकूंकडे टाळेबंदीआधी झालेल्या शेवटच्या भेटीत दोघींनी गुपचूप ठरवलं होतं, सगळं ठीक असेल तर दोन वेण्या, नसेल तर एक. फोनवर मोठं माणूस शेजारी असताना पोरगी बोलणार कशी?

"काका आहेत का गं जवळ?"

"दूध आणायला गेलेत."

"मग सांग पटकन. कोणी मारलं? उपाशी ठेवलं?"

अंबिकाने नकारार्थी मान हलवली. तरी ताईंनी नवऱ्याचा मोबाईल हिसकावून समितीचा नंबर काढलाच. तो बिचारा चहा धरून बघत राहिला.

"काकूला कोरोना झालाय. आतल्या खोलीत आहे."

ताईंचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे वेण्या काकू घालते होय! थांब, शिकवते." त्यांनी आपला अंबाडा सोडलासुद्धा.

"मला येतात दोन. पण ठीक कुठाय, ताई? ती सारखी खोकतेय." अंबिका पडद्याच्या अगदी जवळ आली. "तुम्ही माझ्यासाठी सगळ्यांशी भांडता ना? मग काकूसाठी पण भांडा ना."

मोकळे केस तसेच ठेवून ताईंनी समितीचा नंबर पुसला आणि इस्पितळाचा लावला.