मॅडम आणि मावशी

"मॅडम, पाळणाघर, जादा रजा की विमा? एकच घ्यायचं ना?" वॉर्डातल्या मावशींनी विचारलं. हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांनी गरजेप्रमाणे सवलत निवडायची, ही योजना मीच आखली होती.

"मावशी, रजा घ्या. दमता तुम्ही."

"रजेचं काय करू? घरापेक्षा लेक इथंच जास्त दिसते," त्या हसल्या. मी घाईने दाराकडे पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डातच कोसळल्या. तोंडावर चादर ओढल्यावरही व्हरांड्यातून कुणीतरी सवयीने "मावशी!" अशी हाक मारत होतं. ती हाक मला अजून ऐकू येते.

"यांच्या घरचं कुणी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"लेक आहे म्हणायच्या," सिस्टर म्हणाल्या. "कुठं असते, कधी सांगितलं नाही."

"मी आहे," मी म्हणाले. "ही माझी आई."