एकेचाळीस वस्तूंचे मृत्युपत्र

रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, सकाळी ठीक दहा वाजता, खडकी येथील राहत्या घराच्या बाहेरच्या खोलीत निवृत्त शिक्षक नागोराव यांनी आपल्या मृत्युपत्राचे वाचन आरंभिले; आणि दहा वाजून चार मिनिटांनी त्यांना थांबावे लागले, कारण आतल्या खोलीत त्यांच्या पत्नीचे शिलाई मशीन सुरू झाले.

"मालन, ती खडखड बंद कर!"

"तुमचाच पायजमा शिवतेय," आतून मालनबाई म्हणाल्या. "उद्या दवाखान्यात काय घालणार?"

उद्या नागोरावांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. आपल्यामागे पोरांत भांडण नको, म्हणून गेला महिनाभर ते हा मसुदा घडवीत होते. पुस्तके त्यांनी आधीच वाचनालयाला देऊन टाकली होती. उरला होता तो संसार. एकेचाळीस वस्तू आणि तीन रकाने: वस्तू, ती कोठून आली, कोणास द्यावयाची. समोर मुलगा धम्मदीप आणि मुलगी पायल बसली होती. मसुदा तपासण्यासाठी शेजारची श्रद्धा आली होती. ती वकील होती.

"क्रमांक सात. सागवानी पलंग. मालनला दारूगोळा कारखान्यात मिळालेल्या पहिल्या बोनसातून, सन एकोणीसशे ब्याण्णव. धम्मदीपास."

"बाबा, पलंगाची कुंडली कशाला? आणि तो आमच्या दारातून आत जाणार नाही."

"मग दार बदल. ज्या वस्तूचा उगम सांगता येत नाही, तिचे दान शोभत नाही. क्रमांक आठ. तांब्याचे घंगाळ. कसबा पेठेतल्या तांबटाकडून मालनच्या आईने घडवून घेतलेले. पायलला."

"मी त्यात काय करू? पोहू?"

नागोरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वर्गातल्या पोरांनी चाळीस वर्षांत दिला नसेल इतका ताप या दोघांनी तासाभरात दिला. आणि क्रमांक तेविसाला तर रणच माजले.

"शिलाई मशीन. लग्नात मालनच्या वडिलांनी दिलेले. पायलला."

"का म्हणून?" धम्मदीप उसळला. "सोनाली शिवते. हिला सुईत दोरा ओवता येत नाही!"

"वहिनीनं शिवलेला ब्लाउज घालून बघ एकदा," पायल म्हणाली. "हात वर केला की श्वास खाली जातो."

दोरा दातात धरून मालनबाई दारात आल्या. "अहो, मशीन कुणालाच नका देऊ. अजून मी शिवते."

"हे सारे माझ्यानंतरचे आहे, मालन."

"तुमच्यानंतर मी नाही का शिवणार?"

"विषयांतर करू नकोस!" नागोराव कडाडले. "माझा पगार गावी भावांच्या शिक्षणाला जात होता, तेव्हा ब्र काढला नाहीस. आता कसली तक्रार?"

मालनबाईंनी हातातल्या पायजम्याची शिवण ओढून पाहिली.

"मशीन पायलचे. विषय संपला," नागोराव म्हणाले. उरलेल्या वस्तू त्यांनी न थांबता वाचल्या आणि कागद श्रद्धापुढे सरकवला. "पाहा. एक चूक काढून दाखवा."

श्रद्धाने मधल्या रकान्यावरून पेन्सिल वरपासून खालपर्यंत नेली. मग पुन्हा एकदा नेली.

"काका, वस्तू कुठून आल्या ते बरोबर लिहिलंय ना?"

"शब्दन् शब्द खरा आहे."

"एकेचाळीसही वस्तूंचं?"

"एकेचाळीसही. हवे तर शपथेवर सांगतो."

"शपथ नको." श्रद्धाने कागद मालनबाईंकडे फिरवला आणि त्यावर पेन ठेवले. "मसुदा निर्दोष आहे, काका. सही मात्र काकूंची लागेल."